अवरक्त सिरियल संदेशवहन

अवरक्त सिरियल संदेशवहन म्हणजे तारेऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने, एकामागून एक बिट या क्रमाने माहिती पाठवण्याची पद्धत होय. संगणक व मोबाइल यांसाठीची तिची मानके १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनने, म्हणजेच आयआरडीएने ठरवली. आज संगणकांतून ती जवळजवळ नाहीशी झाली असली, तरी विजेच्या मीटरमध्ये तिचे एक भावंड टिकून आहे.

कार्यपद्धती

संगणकातील यूएआरटी ही चिप प्रत्येक बाइटच्या आधी एक प्रारंभ बिट आणि शेवटी एक समाप्ती बिट जोडते. एरवी हे बिट विद्युतदाबाच्या रूपाने सिरियल पोर्टच्या तारेतून जातात. आयआरडीएच्या मूळ पद्धतीत ‘०’ साठी एलईडी क्षणभर चमकते आणि ‘१’ साठी काळोख राहतो. ही चमक बिटाच्या कालावधीच्या केवळ ३/१६ एवढीच असते. ११५.२ किलोबिट प्रतिसेकंद या कमाल वेगाला एक बिट सुमारे ८.६८ मायक्रोसेकंदांचा, तर चमक १.६३ मायक्रोसेकंदांची भरते. एलईडी बहुतांश वेळ विझलेली असल्याने सरासरी वीज कमी खर्च होते आणि म्हणून प्रत्येक चमक प्रखर ठेवता येते.

समोरचा फोटोडायोड चमक टिपतो व मंडल तिला पुन्हा पूर्ण बिटाएवढे लांबवते. प्रकाशातील झटपट बदलणारा भागच वर्धित होत असल्याने दिवसाचा स्थिर उजेड वगळला जातो. कडक उन्हात मात्र ग्रहण बिघडते. स्वतःच्याच एलईडीने ग्राहक दिपत असल्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येत नाही. पल्ला साधारण एक मीटरचा असतो. संवाद ९६०० बिट प्रतिसेकंदाने सुरू होतो आणि नंतर दोन्ही उपकरणे अधिक वेग ठरवतात. दूरचित्रवाणीचा रिमोटही अवरक्तच वापरतो, पण त्याची संकेतपद्धती निराळी आहे.

वीजमीटरमधील वापर

मीटरच्या दर्शनी भागावरील प्रकाशीय पोर्टवर चुंबकाने चिकटणारे वाचनशीर्ष बसवले जाते. आयईसी ६२०५६-२१ या मानकात येथेही प्रकाश म्हणजे ‘०’ आणि काळोख म्हणजे ‘१’. मात्र प्रकाश पूर्ण बिटभर राहतो आणि संवादाची सुरुवात ३०० बिट प्रतिसेकंद या संथ वेगाने होते. त्यामुळे आयआरडीएचे उपकरण येथे चालत नाही. प्रकाश निवडण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे: धातूचे उघडे टोक बाहेर येत नाही, वाचकाचे उपकरण मुख्य विद्युतदाबापासून विलग राहते आणि मीटरचे सील तोडावे लागत नाही.

हिंगणघाट परिसरातील जिनिंग-प्रेसिंगसारख्या उद्योगांच्या मीटरमध्ये ठरावीक मिनिटांच्या अंतराने भाराची, तसेच विद्युतदाब खंडित झाल्याची किंवा छेडछाडीची नोंद साठते. ती या पोर्टमधून उतरवून घेतात व तिला व्यवहारात ‘एमआरआय’ अहवाल म्हणतात. देयकाचा वाद किंवा वीजचोरीचा आरोप उद्भवल्यास हाच अहवाल ग्राहक व वीज कंपनी या दोघांनाही आधाराला लागतो. महाराष्ट्रात महावितरणने घरगुती ग्राहकांसाठीही अवरक्त व पुढे रेडिओ लहरींवर चालणारे मीटर बसवले. रेडिओ किंवा मोबाइल जाळ्यावरून वाचता येणाऱ्या स्मार्ट मीटरवरही जागेवरच्या वाचनासाठी प्रकाशीय पोर्ट असतो.