प्रसूतीचे आसन आणि स्त्रीचा निर्णय

प्रसूतिसमयी स्त्रीने शय्येवर पाठ टेकूनच असावे, हा नियम निसर्गाने घालून दिलेला नाही. त्याला इतिहास आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरेनस याच्या स्त्रीरोगविषयक ग्रंथात प्रसूतीच्या खुर्चीचे सविस्तर वर्णन आढळते. इ. स. १५१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूखारियस रोसलिनच्या जर्मन ग्रंथातही अशी खुर्ची चित्रित केलेली आहे.

पॅरिसचा शल्यवैद्य फ्रान्स्वा मोरिसो याने इ. स. १६६८ मध्ये मात्र शय्येचा पुरस्कार केला. बाळंतिणीला मागाहून उचलून शय्येवर न्यावे लागू नये, हे त्याचे एक कारण होते. तथापि त्याने सांगितलेली स्थिती सपाट उताणी नव्हती; डोके व छाती उंचावलेली ठेवावी, असे त्याचे मत होते. इ. स. १६७२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारा ह्यू चेंबरलेन ज्या घराण्यातला, त्या घराण्याने प्रसूतीचा चिमटा गुप्त राखला होता. अठराव्या शतकात चिमटा प्रचारात आला, सुइणीच्या जागी पुरुष वैद्य येऊ लागला आणि उपकरण चालविणाऱ्याच्या सोयीला महत्त्व आले. तरीही एकवाक्यता नव्हतीच. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये डाव्या कुशीवर निजविण्याची रीत होती. शरीररचना तीच असता आसन देशपरत्वे बदलले, याचा अर्थ ते रूढीने ठरत होते.

स्त्रीने स्वतः निवडलेल्या आसनास, उभ्या वा बसत्या आसनासही, उत्तेजन द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २०१८ मध्ये केली. या शिफारशीने एका आसनाच्या जागी दुसरे आसन सक्तीचे केले नाही. निवडीचा अधिकार प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा मानला, हेच तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.