शांततेचा खेळ

‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ ही सूचना आपण वर्गात किती वेळा देतो? वर्ग लगेच गप्प होतो. पण ही शांतता मुलांची असते, की आपल्या सोयीची?

हा प्रश्न जुना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालगृह सुरू केले. एकदा त्या चार महिन्यांचे एक बाळ कडेवर घेऊन वर्गात आल्या. बाळ मुळीच हालचाल करत नव्हते. इतके शांत तुम्हांला राहता येईल का, असे त्यांनी गमतीने विचारले. मुलांनी हातपाय आवरले, श्वासही हळू केला. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली!

यातून शांततेचा खेळ तयार झाला. बाई मागे उभ्या राहून एकेकाचे नाव कुजबुजत. ज्याचे नाव येई, ते मूल पाय न वाजवता त्यांच्याकडे जाई. पुढे त्यांनी बक्षीस म्हणून खाऊ आणला, तर मुलांनी तो नाकारला. खेळातला आनंद त्यांना पुरेसा होता.

आता दुसरा धागा पाहू. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. श्वासाकडे, शरीराकडे, या क्षणाकडे लक्ष देणे हा त्याचा गाभा. तोच सराव पुढे ‘माइंडफुलनेस’ या नावाने शाळांत पोचला. मुलांचे नैराश्य टळेल, अशी आशा त्यामागे होती.

ही आशा ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. ऐंशीहून अधिक शाळा आणि आठ हजारांवर मुले यांत होती. निम्म्या शाळांत सजगतेचे दहा पाठ दिले, उरलेल्यांत नेहमीचेच भावनिक शिक्षण चालू ठेवले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या मानसिक आरोग्यात सांगण्याजोगा फरक नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आधीच अडचणीत असलेल्या मुलांना काही बाबतींत थोडा तोटा झाल्याचेही दिसले. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला कमी झाला.

ही मुले अकरा वर्षांपुढची होती, त्यामुळे पहिली-दुसरीच्या वर्गाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एक सावधगिरी शिकता येते. सर्वांना एकच गोळी द्यावी तशी शांतता देता येत नाही.

उद्या वर्गात हा खेळ जरूर खेळा. ज्याला डोळे मिटायचे नसतील, त्याला उघडे ठेवू द्या. ज्याला खेळायचेच नसेल, त्याला नुसते बघू द्या. आणि एखादे मूल बरेच दिवस गप्प-गप्प राहत असेल, तर त्याला शांततेचा आणखी एक पाठ देऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या, आणि गरज वाटल्यास पालकांना सांगून तज्ज्ञांची मदत घ्या.