अमेरिकेतील वृद्धांचे पेन्शन : दान की हक्क?

शेताची कापणी करताना कोपरे राखावेत, गळालेली कणसे मागे वळून वेचू नयेत, ती गरिबांची आणि परक्यांची, अशी तोराहची आज्ञा आहे. शावुओथला आपण रूथचे पुस्तक वाचतो. त्यात बोआझच्या शेतात रूथ अशीच कणसे वेचते. या आज्ञेतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. तो कोपरा मालकाने कृपा म्हणून द्यायचा नाही. तो गरिबाचाच असतो. मदत ही कृपा की हक्क, याच प्रश्नावर गेल्या शतकात अमेरिकेत मोठे राजकारण झाले. त्यात आपल्या यहुदी बांधवांचाही वाटा होता.

१९२९ मध्ये तेथील शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार झाला. बँका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर म्हाताऱ्यांची आयुष्यभराची शिल्लकही बुडाली. मुलेच बेकार, तर आईबापांना पोसणार कोण? निराधार वृद्धांसाठी ठिकठिकाणी गरीबखाने होते, पण तेथे जाणे म्हणजे अब्रू गमावणे.

यावर उपाय सांगणारे दोन यहुदी गृहस्थ रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आले होते. डॉ. आयझॅक रुबिनोव यांनी १९१३ मध्येच सामाजिक विम्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. पहिल्या महायुद्धानंतर ते हदास्साच्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख म्हणून एरेत्झ इस्राएलमध्येही काम करून गेले. दुसरे अब्राहम एप्स्टाईन. त्यांनी १९२७ मध्ये वृद्धांच्या पेन्शनसाठी संस्था काढली आणि ‘सोशल सिक्युरिटी’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसवले.

नुसत्या ग्रंथांनी मात्र कायदे होत नाहीत. कॅलिफोर्नियातील डॉ. फ्रान्सिस टाऊनसेंड यांनी साठीवरील प्रत्येकाला महिना २०० डॉलर द्या, अशी मागणी केली. गावोगावी त्यांची मंडळे निघाली आणि लाखो वृद्ध त्यांच्यामागे उभे राहिले. म्हाताऱ्यांनाही मत असते, हे पुढाऱ्यांच्या ध्यानात आले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हे काम मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्याकडे सोपवले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक यहुदी आणि इटालियन मुली होत्या. बाहेर पडण्याचे दार बंद असल्याने कित्येकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ते पर्किन्सबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी कायदा झाला. कामगाराच्या पगारातून शेकडा एक आणि तेवढेच मालकाकडून घ्यायचे. पासष्टीनंतर दरमहा पेन्शन द्यायचे. एप्स्टाईन यांना हे रुचले नाही. मजुराच्याच खिशातून काढून मजुरालाच दिले तर विषमता कशी हटणार? श्रीमंतांच्या करातूनही पैसा यावा, असे त्यांचे म्हणणे होते. रूझवेल्ट यांचा हिशेब वेगळा होता. माणसाने स्वतः भरलेला पैसा म्हणजे त्याचा हक्क, आणि असा हक्क कोणताही पुढारी पुढे काढून घेऊ शकणार नाही.

हा हिशेब खरा ठरला. त्याच कायद्यात गरीब मुलांच्या आयांसाठीही मदत होती, पण ती गरिबीची चौकशी करून मिणतीने दिली जाई. ती घेणाऱ्यांना आळशी म्हणून हिणवले गेले आणि १९९६ मध्ये तो हक्क रद्द झाला. वृद्धांच्या पेन्शनला मात्र कोणी हात लावू शकले नाही. ३१ जानेवारी १९४० रोजी पहिला मासिक चेक व्हरमाँट राज्यातील आयडा मे फुलर यांना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी भरले होते पंचवीस डॉलरहून कमी. शंभर वर्षे जगून त्यांनी २२ हजार ८०० डॉलरहून अधिक पेन्शन घेतले.

तरीही कायद्याच्या पायातच एक अन्याय होता. शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळले होते. काळ्या कामगारांपैकी बहुसंख्य हीच कामे करत. दक्षिणेतील पुढाऱ्यांची मते मिळवण्यासाठी हे केले, असे काही इतिहासकार मानतात; अशा कामांतून पैसे गोळा करणे अवघड होते, असे काही म्हणतात. कारण काहीही असो, ज्यांना सर्वांत गरज होती तेच बाहेर राहिले. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी त्यांपैकी बहुतेक आत आले. आपल्या वाडवडिलांपैकी जे पलटणीत किंवा सरकारी खात्यात होते त्यांना पेन्शन मिळे. कोकणात घाण्यावर आयुष्य घालवलेल्या तेल्याला कोण देणार होते? त्यामुळे हा भेद आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर हा दवाखान्याचा विमा आणला. काळ्या-गोऱ्या रुग्णांना वेगळे ठेवणाऱ्या इस्पितळांना त्यातून पैसा मिळणार नाही, अशी अट होती. वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते पैशाच्या अटीने बहुतेक इस्पितळांत काही महिन्यांत झाले. १९५९ मध्ये पासष्टीवरील अमेरिकनांपैकी शेकडा ३५ गरीब होते. शतक संपता संपता ते प्रमाण शेकडा दहापर्यंत उतरले.

इस्राएलमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा १९५३ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५४ पासून लागू झाला. आज बितुआह लेउमीकडून दरमहा जी रक्कम आपल्या खात्यात जमा होते, ती त्याच विचाराचे फळ आहे. ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. कोपरा राखलेला आहे की नाही, एवढेच पाहून मात्र भागत नाही. वेचायला कोणाला येऊ देतात, हेही पाहावे लागते. बरोबरीच्या मान्यतेसाठी १९६२ ते १९६४ या काळात लढलेल्या आपल्या समाजाला हे ठाऊक आहे.