बैठक कोणाच्या मापाची?

‘बैठक’ हा मराठीतला मोठा ऐसपैस शब्द आहे. वाड्याची दर्शनी खोली ती बैठक, गाण्याची मैफल ती बैठक, तालमीत मारतात त्या बैठका, आणि एखादा विचार ज्यावर उभा असतो तीही बैठकच. मोटारचालकाच्या जागेला मात्र आपण हा शब्द दिला नाही. तिथे ‘सीट’ आली आणि राहिली. ती जागा आपल्या मापाने घडलेली नव्हती म्हणूनही असेल. (भाषाशास्त्रात हे कारण बसणार नाही, हे मान्य.)

माझी उंची चार फूट अकरा इंच. नाशिकमध्ये गाडी चालवायला शिकू लागले तेव्हा शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “मॅडम, उद्या येताना घरून उशी आणा.” उणीव माझ्यात आहे, गाडीत नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि खरे सांगायचे तर मीही. या उशीचा इतिहास शोधू लागले, तेव्हा तो जीपपाशी जाऊन पोहोचला.

नाशिककराला जीप परकी नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्याच घराण्यातली बोलेरो २००० साली, पाठोपाठ २००२ साली स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. मूळ विलीज जीप ही दुसऱ्या महायुद्धातली. तिच्या चालकाचे आसन पेट्रोलच्या टाकीवर बसवलेले होते. पेट्रोल भरायचे तर गादी उचलावी लागे. आसन जागचे हलत नसे, आणि हलवण्याची गरजही कोणाला वाटली नसावी, कारण बसणारा ठरलेला होता : सरासरी पाच फूट आठ इंचांचा अमेरिकी सैनिक. न बसणारा माणूस सैन्यात निवडलाच जात नसे. युद्ध संपले, गाडी बाजारात आली, आसने पुढेमागे सरकूही लागली. परंतु आधी माप ठरवायचे आणि मग माणसाने त्यात मावायचे, ही रीत टिकून राहिली.

हे माप पुढे शास्त्राने पक्के केले. १९७६च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेला अपघात-चाचणीचा पुतळा सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीचा आणि ७८ किलो वजनाचा ‘मध्यम’ पुरुष होता. पुढे ‘लहान स्त्री’चाही पुतळा झाला, साधारण १५० सेंटिमीटर उंचीचा. अमेरिकेतल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम पाच तिच्याहून ठेंगण्या, असा हिशेब. आता आपल्याकडे पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिकडे जी अपवाद, ती इकडे सरासरी! म्हणजे मी ठेंगणी नव्हते. पट्टी दुसऱ्या गावची होती. भारतीय शरीरांच्या मापांचा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढला तो १९९७ साली, रस्ते मोटारींनी भरून गेल्यानंतर.

ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने आपल्या प्रमाणपद्धतीसाठी आधी १७५ सेंटिमीटरचा माणूस धरला होता. पुढे तो सहा फुटांचा झाला, आणि त्याचे एक कारण असे दिले गेले की इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस नेहमी सहा फुटांचे असतात. साहित्याचा इमारतींवर एवढा परिणाम अन्यत्र क्वचितच झाला असेल.

उशीने प्रश्न सुटतो का? चालकाच्या शरीराला एकाच वेळी तीन ठिकाणी पोहोचायचे असते : डोळ्यांना बॉनेटच्या पलीकडे, हातांना स्टिअरिंगपर्यंत आणि पायांना क्लचच्या तळापर्यंत. उशीने डोळे वर जातात, पण पाय पेडलपासून दुरावतात. म्हणून आसन पुढे ओढावे, तर छाती स्टिअरिंगला भिडते. शिवाय मऊ उशी ऐनवेळी दबते, सरकते आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत एअरबॅग आल्या, तेव्हा स्टिअरिंगला खेटून बसलेले काही ठेंगणे चालक किरकोळ धडकेतही त्या फुगण्याच्या आघाताने दगावले. त्यानंतर छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राखण्याचा सल्ला रूढ झाला. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर वीत आणि वर बोटभर. अर्थात, वीत कोणाची, हा प्रश्न पुन्हा आलाच. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. आसन वरखाली करण्याची सोय मात्र तेव्हाही अनेक गाड्यांच्या महागड्या आवृत्तीतच मिळे.

त्याच वर्षी एसटीच्या चालकपदाच्या भरतीत स्त्रियांसाठी उंचीची अट १६० सेंटिमीटरवरून १५३ वर आणली गेली. निर्णय स्वागतार्हच, तरी तो वाचताना मी थबकले. सात सेंटिमीटर कमी झाले ते अटीत. स्टिअरिंग, पेडल, आरसे यांच्याविषयी त्या बातम्यांत मला काही आढळले नाही. २०२३च्या जूनमध्ये सिन्नर–नाशिक मार्गावर महिला चालकाने एसटी आणली, तेव्हा शहरात कौतुक झाले, छायाचित्रे छापून आली. त्या छायाचित्रांत सगळे चेहरा पाहत होते. मी तिची पाठ आसनाला टेकली आहे का, ते पाहत होते.

माझी उशी अखेर सुटली ती द्वारकेजवळच्या एका कुशनवाल्यामुळे. सोफ्यावरची उशी त्याने बाजूला टाकली आणि मूळ गादी उसवून आत कडक फोम भरायचे ठरवले : मागे जास्त, पुढे मांडीखाली कमी, म्हणजे पाय खाली पोहोचतील. किती इंच, असे मी विचारले.

“ते आत्ता कसं सांगू? आधी चप्पल घालून बसा, मॅडम. क्लच पूर्ण दाबा. मग माप घेतो.”