रकान्याबाहेरची माणसे

शासनाचा आकडा निःपक्षपाती असतो, असे आपल्याकडे मानले जाते. मला ते मान्य नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझी शिष्यवृत्ती ज्या रकान्यातून आली, त्याचा इतिहास म्हणूनच तपासावासा वाटतो.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर, १९६१ मध्ये, ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. पण राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. गावकुसाबाहेरचे घर तेच, मजुरी तीच, पाणवठ्यावरची अडवणूकही तीच. शासनदरबारी रकाना मात्र बदलला.

राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या सवलती आणि राखीव मतदारसंघ मात्र त्या रकान्यावरच ठरत. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला. राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये ७.१४ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११.०९ टक्के झाले. अशी वाढ केवळ जन्मांनी होत नाही. जी माणसे होतीच, ती आता मोजली गेली.

तरीही मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेवर गोठलेले होते. विधानसभेतील १८ आणि लोकसभेतील ३ राखीव जागा २००८ च्या पुनर्रचनेनंतरच अनुक्रमे २९ आणि ५ झाल्या. कायद्याने मान्य केलेली माणसे प्रतिनिधित्वाच्या हिशेबात यायला अठरा वर्षे लागली.

कार्यकर्त्यांनी आकडा उद्धृत करण्यापूर्वी एवढे विचारावे : हा रकाना कोणी आखला, आणि त्याबाहेर कोणाला ठेवले?