थोरल्या भावाचेही घर

मद्यपाशात सापडलेल्या माणसाला रत्नागिरीहून मुंबईच्या वा पुण्याच्या उपचारकेंद्रात पोहोचवून घरची माणसे निश्चिंत मनाने परततात, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्यालाही उपचारांची गरज आहे, हे त्यांच्या गावीही नसते. व्यसनमुक्तीचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

१९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. पतींची दारू सुटू लागली. परंतु वर्षानुवर्षांच्या धास्तीने, संतापाने व लाजेने पत्नींची मने पोखरलेलीच राहिली. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी हे स्वानुभवाने जाणले आणि १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ची स्थापना केली.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’चे कार्य आरंभिले. ते स्वतः या व्यसनातून सावरलेले धर्मगुरू. पुढे १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालू झाला. दोन्ही ठिकाणी कुटुंबाला उपचारांत स्थान मिळाले.

कुटुंबाने तेथे शिकावयाचे ते काय? पती मिस्साला का आला नाही, असे विचारताच ‘अंगात ताप आहे’ म्हणणारी पत्नी, मुलाची उधारी गुपचूप फेडणारी आई, ही माणसे प्रेमापोटीच पांघरूण घालतात. परंतु त्या पांघरुणाखाली व्यसनच उबेने वाढते. व्यसन हा आजार आहे. तो आपण निर्माण केलेला नाही आणि केवळ आपल्या अश्रूंनी तो बराही होणार नाही, हे उमगले म्हणजे घराचा खांद्यावरचा भार हलका होतो.

उधळ्या पुत्राचा दृष्टान्त या प्रकाशात पुन्हा वाचावा. पित्याने दूरदेशी पैसे पाठविले नाहीत. पुत्र भानावर येऊन परतला, तेव्हा मात्र तो धावत सामोरा गेला. आणि रागाने अंगणातच थांबलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालण्यासाठीही तोच पिता बाहेर आला. परतलेल्याला मिठी मारणे आपल्या धर्मग्रामाला साधते. अंगणात ताटकळणाऱ्या त्या थोरल्याकडे मात्र, बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोण जाणार?