टेबलावरच्या विद्युत गाड्या आणि एक लुप्त झालेली रेल्वे

खेळण्यातली आगगाडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांत मोठा फरक आहे. खेळण्यातली गाडी आगगाडीसारखी दिसली की पुरे. प्रतिकृतीत मात्र मूळ गाडीची लांबी, रुंदी, खिडक्या, चाके ही सारी एकाच प्रमाणात लहान केलेली असतात. त्यामुळे मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर प्रतिकृती हे इतिहासाचे एक साधन ठरू शकते. मात्र कोणत्याही साधनाप्रमाणे तेही तपासून घ्यावे लागते. अमेरिकेतील ‘इंटरअर्बन’ रेल्वेच्या बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृतींचा इतिहास हे याचे चांगले उदाहरण आहे.

इंटरअर्बन म्हणजे काय?

फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८८८ साली व्हर्जिनियातील रिचमंड शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वी करून दाखवले. शहरात ट्राम धावू शकते, तर शेजारच्या गावापर्यंत का नाही, असा विचार लगेच पुढे आला. गावागावांना जोडणाऱ्या या विद्युत गाड्यांना इंटरअर्बन, म्हणजे आंतरनगरी रेल्वे, हे नाव पडले. या गाड्या शहरात रस्त्याच्या मधोमध ट्रामसारख्या चालत आणि गावाबाहेर पडल्या की शेतांमधून आगगाडीच्या वेगाने धावत. टपावरच्या दांड्याने तारेतून बहुधा ६०० व्होल्टचा एकदिश प्रवाह घेतला जाई आणि तो रुळांवाटे परत जाई.

१९१६ च्या सुमारास अमेरिकेत असे सुमारे २५,००० किलोमीटर लांबीचे मार्ग होते. ओहायो आणि इंडियाना ही राज्ये त्यात आघाडीवर होती. पुढे स्वस्त मोटारी आल्या, सरकारी खर्चाने पक्के रस्ते झाले आणि १९२९ नंतरच्या मंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले. इंडियाना रेलरोडची मुख्य सेवा १९४१ मध्ये बंद पडली. लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक इलेक्ट्रिकची शेवटची गाडी १९६१ मध्ये धावली, तर शिकागो आणि मिलवॉकी यांना जोडणारी नॉर्थ शोअर लाइन जानेवारी १९६३ मध्ये थांबली. आज त्या काळातील मोठ्या मार्गांपैकी शिकागो ते साउथ बेंड ही साउथ शोअर लाइन तेवढी टिकून आहे. मिशिगन सिटी या गावात तर तिचे रूळ २०२२ पर्यंत भर रस्त्यातून जात होते.

खेळण्यापासून प्रतिकृतीपर्यंत

विजेच्या खेळण्यांचा अमेरिकेतील आरंभ ट्रामपासूनच झाला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळांवर धावणारी विजेची छोटी ट्राम विकायला काढली. जोशुआ लायोनेल कोवेन यांच्या लायोनेल कंपनीनेही १९०१ च्या सुमारास अशी ट्राम बाजारात आणली. खऱ्या जगात वीज आधी ट्रामला लागली, म्हणून खेळण्यांच्या दुकानातही तीच आधी आली. पण ही खेळणी कोणत्याही एका विशिष्ट गाडीची नक्कल नव्हती.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा छंद १९३० च्या दशकात संघटित झाला. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आणि रूळ एकमेकांना जुळावेत म्हणून मानके ठरवणारी राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये मिलवॉकीत स्थापन झाली. आंतरनगरी गाड्यांच्या बाबतीत लाकडी पट्ट्या आणि धातूचे सुटे भाग असलेली किट्स मिळत. ती घेणाऱ्याला घरी बसून जोडावी लागत.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. जपानमधील छोट्या कारखान्यांत पितळी पत्र्याच्या प्रतिकृती हाताने डाख देऊन तयार होऊ लागल्या. अमेरिकी आयातदार नकाशे आणि छायाचित्रे पाठवत व तयार माल मागवत. कॅलिफोर्नियाच्या सुयडम कंपनीने पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या अशाच रीतीने आणल्या. पितळच का? प्लास्टिकच्या प्रतिकृतीसाठी पोलादी साचा लागतो. त्याचा खर्च हजारो नग खपले तरच भरून निघतो. आंतरनगरी गाडीचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून काही शे नगांसाठी हातकाम परवडे. जपानमधील मजुरी वाढल्यावर हे काम कोरियाकडे गेले आणि प्लास्टिकच्या गाड्यांचे उत्पादन पुढे चीनमध्ये होऊ लागले. एका देशातील लुप्त गाड्यांची आठवण दुसऱ्या देशातील कारागिरांनी घडवली, ती अशी.

गणिताची कसोटी

प्रतिकृती कितपत खरी आहे, हे वर्गात साध्या गणिताने तपासता येते. अमेरिकेत ‘ओ’ प्रमाण १:४८ आहे आणि त्याचे रूळ ३१.७५ मिलिमीटर अंतरावर असतात. ३१.७५ ला ४८ ने गुणले तर १५२४ मिलिमीटर येतात. प्रत्यक्षात प्रमाणित रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते, म्हणजे प्रतिकृतीचे रूळ प्रमाणापेक्षा अधिक रुंद आहेत. हा दोष खटकल्याने काही विद्युत-गाडीप्रेमींनी एका फुटाला १७/६४ इंच, म्हणजे सुमारे १:४५.२, असे वेगळे प्रमाण स्वीकारले. रूळ तेच ठेवून त्यांनी गाडीच थोडी मोठी केली! ‘एचओ’ प्रमाणात (१:८७) मात्र रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि गणित नेमके जुळते.

आता वळणे पाहू. एचओच्या बाजारी रुळांचे नेहमीचे वळण ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे असते. ८७ ने गुणल्यास ही त्रिज्या सुमारे ४० मीटर होते. मुख्य मार्गावरची लांब आगगाडी प्रत्यक्षात अशा वळणावर जाऊच शकणार नाही. पावणेदोनशे मीटर त्रिज्येचे वळणही तिला कठीण समजले जाते, आणि तेवढे वळण टेबलावर दोन मीटर त्रिज्येचे होईल. आंतरनगरी गाडी मात्र रस्त्याच्या कोपऱ्यावर पंधरा-वीस मीटर त्रिज्येत वळे. १:८७ प्रमाणात ते वळण १७ ते २३ सेंटिमीटरचे होते. म्हणजे लहानशा खोलीत मोठ्या आगगाडीची प्रतिकृती भूमितीच्या दृष्टीने खोटी ठरते आणि आंतरनगरी गाडीची खरी ठरू शकते.

तरी सर्वच राशी एका प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी ८७ पट कमी झाली की घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे ६,५८,५०३ पट, कमी होते. त्या हिशेबाने ४० टनांच्या डब्याची प्रतिकृती अवघी ६१ ग्रॅमची हवी. एवढा हलका डबा रुळांवर नीट टिकत नाही आणि चाकांना वीजही नीट मिळत नाही, म्हणून तो मुद्दाम जड करतात. वरची तारही प्रमाणात घेतली तर केसासारखी बारीक होईल आणि दांड्याच्या दाबाने वाकेल. म्हणून ती जाड घ्यावी लागते. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवलेले तत्त्व इथे प्रत्ययास येते. आकार बदलला की सामर्थ्य आणि वजन यांचे नाते बदलते.

प्रतिकृती काय सांगत नाही?

बाजाराने कोणत्या गाड्या निवडल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पितळी प्रतिकृतींचा व्यापार फोफावला तो नेमका पॅसिफिक इलेक्ट्रिक आणि नॉर्थ शोअर बंद पडण्याच्या काळात. त्या गाड्यांतून प्रवास केलेली माणसे हयात होती आणि त्यांच्याकडे पैसा होता. नकाशे आणि छायाचित्रेही उपलब्ध होती. साहजिकच नॉर्थ शोअरच्या १९४१ च्या ‘इलेक्ट्रोलायनर’सारख्या दिमाखदार गाड्या पुन्हा पुन्हा निघाल्या. १९२० च्या दशकातच बुडालेल्या छोट्या कंपन्यांच्या साध्या डब्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार?

शिवाय प्रतिकृतीत रंग आणि खिडक्या दिसतात, प्रवाशांचे जीवन दिसत नाही. दक्षिणेतील राज्यांच्या कायद्यांनुसार काळ्या प्रवाशांना डब्यात वेगळे बसावे लागे. टेक्सास इलेक्ट्रिक रेल्वे १९४८ मध्ये बंद पडेपर्यंत तिथेही हाच नियम होता. चकचकीत प्रतिकृतीवरून याचा पत्ता लागत नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. पुढच्याच वर्षी साउथ शोअरने हाच दाब स्वीकारला, आणि तो तिथे आजही वापरात आहे. मुंबईत मात्र त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. अनेक डब्यांतील मोटारी एकाच चालकाने चालवण्याची स्प्रेगची १८९७ ची युक्ती मुंबईच्या लोकलमध्ये रोज वापरली जाते. पुण्यात १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेंच्या संग्रहालयात धावत्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत.

विद्यार्थ्यांना अशी एखादी प्रतिकृती दाखवण्याची संधी मिळाली, तर पट्टी बरोबर न्यावी. आधी मोजमाप घेऊन प्रमाण काढावे. मग विचारावे: ही कोणी, कोणत्या नकाशावरून आणि कोणासाठी बनवली? आणि कोणती गाडी कोणीच बनवली नाही?